भावोजींचा शेवटचा पिवळा दिवा

रोह्यात अंधार पडतो तो आमच्या भावोजींना विचारूनच, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत आहे. भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. रस्त्यावरचे दिवे सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज दिवेलागणीला ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात, गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि एकेक खांब मोजतात. सगळे पेटले की मान हलवतात. मग रोह्यात रात्र सुरू होते. आम्ही पेणला राहतो, माझा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. भावोजी संध्याकाळच्या गाडीने आले की दारात चपला काढता काढता पहिली बातमी देतात, ती कुणाच्या तब्येतीची नसते. "वयनी, वाटंतल्या ठेसनात फलाटावरचे दोन बंद हायत." त्यावर मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा असते ते मला आजवर कळलेलं नाही. मी चहा टाकते.

आयुष्यभर वर बघून चालल्यामुळे त्यांना रोह्यातली गटारं पायांनी माहीत आहेत आणि घरं खांबांवरून. "शिंप्याचं दुकान कुठे हो?" असं कुणी विचारलं तर ते "एकवीस नंबरच्या म्होरं" असं सांगतात, आणि विचारणारा बिचारा दुकानांवर एकवीस नंबर शोधत बसतो. खांबाला कान लावून आतला चोक कसा गुणगुणतो ते ते ऐकतात आणि डॉक्टरसारखे दोन पावलं मागे येऊन निदान करतात, "खोकतोय. आठवडा काढंल." माणसांची वर्गवारीही त्यांनी दिव्यांवरूनच केलेली आहे. माझ्या सासूबाई मर्क्युरी. तापायला वेळ लावणार, आणि मध्येच विझल्या तर गार झाल्याशिवाय पुन्हा पेटणार नाहीत. म्हणून भांडणानंतर दहा मिनिटं कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही, हा भावोजींनी घालून दिलेला नियम होता आणि तो आम्ही सगळ्यांनी पाळला. माझा नवरा सोडियम. उजेड भरपूर, रंगाची जाण शून्य. "आणि मी हो?" असं मी एकदा विचारलं. "तुम्ही एलईडी. बटण दाबलं की कामाला. मधे काय म्हंजे काय नाय." ही स्तुती आहे असं मी धरून चालले होते.

दिव्यांबद्दल मात्र ते खोटं बोलत नसत. सोडियमवर त्यांचा जीव, पण त्याचे दोष तेच आधी सांगायचे. सोडियमचा दिवा थोड्या विजेत खूप उजेड देतो, वर्षानुवर्षं टिकतो, पावसाच्या झडीत आणि खाडीवरून आलेल्या धुक्यात लांबून दिसतो. पण पेटायला त्याला मिनिटं लागतात, वीज क्षणभर गेली तरी पुन्हा पेटायला तितकीच, आणि रंग त्याला कळत नाहीत. मर्क्युरीचा उजेड पांढरट निळा, दिसायला थंड, पण त्याच्याखाली माणसाचे ओठ काळे पडतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा गाडी चुकली, पोचेपर्यंत दिवे लागले होते, आणि त्या लोकांनी अंगणात बरोबर खांबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तशी भावोजी उठून उभे राहिले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगी बरी असंल हो. पण आत्ता इथं बसलेलं कुनीच जितं दिसत नाय. आमी सकाळी येतो." बाप चिडला, पुतण्या रडकुंडीला आला; आम्ही खरंच सकाळी पुन्हा गेलो. लग्न झालं. ती सून आजही घरात शिरली की सगळ्यांत आधी भावोजींच्या पाया पडते. परतीच्या वाटेवर ते मला हळूच म्हणाले होते, "मर्क्युरीखाली जितं माणूस मेल्यासारखं दिसतं, वयनी. मग मेलेलं कसं दिसत असंल?" मी म्हटलं, "पायाखाली बघा, गटार आहे."

त्यांच्या घरात काढून टाकलेल्या दिव्यांचा संसार आहे. चोक पलंगाखाली, बल्ब तांदळाच्या पिंपात कापडात गुंडाळून. एकदा मर्क्युरीचा एक बल्ब माझ्या हातून फुटला. मी सवयीने केरसुणी उचलली तर हे ओरडले, "हात नका लावू!" सगळ्यांना अंगणात काढलं, खिडक्या सताड उघडल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि ओल्या कागदाने एकेक कण टिपून बरणीत भरला. आतल्या पाऱ्याची वाफ विषारी असते म्हणे. मी विचारलं, "मग असलं विष तांदळात कशाला ठेवता?" त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि तांदूळ हलवले.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, जाऊ होती तोवर. भावोजींची बायको, माझी धाकटी जाऊ, सहा वर्षांपूर्वी गेली. हृदयाचं दुखणं होतं. शेवटचे आठ दिवस मी रोह्यालाच होते. ती गेली त्या दिवशी कुंडलिका नदीचं पाणी खालच्या बाजारात शिरलेलं, आणि भावोजी सकाळपासून सखल भागातल्या खांबांची वीज तोडत फिरत होते. फोन लागत नव्हता. ती दुपारी गेली, पाणी संध्याकाळी ओसरलं, माणसं जमली आणि तिला बाहेर आणलं. नेमके तेव्हाच भावोजी गल्लीत शिरले, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. गल्लीच्या टोकाच्या खांबावरचा दिवा हळूहळू पेटत गेला आणि त्या पिवळ्या उजेडात, पावसात, त्यांनी तिला पाहिलं. त्या दिवसापासून त्या दिव्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्या गावातले दिवे बदलून एलईडी झाले. हा एक राहिला, कारण भावोजी स्वतः पिंपातले बल्ब आणि पलंगाखालचे चोक पुरवत आणि जुने सोबती त्यांच्या शब्दाखातर चढून ते बसवत.

आता पिंपातला शेवटचा बल्बही म्हातारा झाला. सोडियमचा दिवा म्हातारा झाला की मरत नाही, येतो-जातो. काही वेळ जळतो, आपल्याच तापाने विझतो, गार होतो, पुन्हा पेटतो. हे शास्त्र भावोजींनी सगळ्या गल्लीला समजावलं, पण गल्लीने आपलं शास्त्र काढलं. दिवा गेला आणि आला की त्या खांबाखाली एक बाई उभी असते, असं लोक म्हणू लागले. पोरं शिकवणीहून वळसा घालून येऊ लागली. त्या खांबाला लागून असलेल्या घरात सगळ्या गल्लीच्या खाला, म्हणजे मावशी, राहतात; त्यांचा मुलगा दुबईला असतो. खाला कुणाला घाबरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी भावोजींना सरळ थांबवून सांगितलं, "मी माज्या डोल्यानी बगितली. दिवा गेला, आला, त बाय उभी. परत गेला, आला, त नाय."

"साडी कुठल्या रंगाची होती?" भावोजींनी विचारलं.

"काली."

खाला मला नंतर म्हणाल्या, "मी भूत सांगतंय, आनि याला रंग पायजे!"

रंगाचं हे वेड त्यांच्या डोक्यात माझ्यामुळेच शिरलं होतं. आदल्या वर्षी गणपतीच्या आधीची गोष्ट. माझ्या कारखान्यातली वीज गेली होती आणि बाहेर रस्त्यावर मात्र दिवा चालू होता, तेव्हा आमच्याकडेही पिवळाच. मूर्ती द्यायचा दिवस डोक्यावर आलेला. मी आत आखणीला बसत नाही संध्याकाळची. मूर्तीचे डोळे मी दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशीच काढते, तो माझा नियम आहे. पण उपरणी रंगवायला काय हरकत, म्हणून माझ्या हाताखाली काम करणाऱ्या शेवंताने सात मूर्ती बाहेर मांडल्या आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन दिव्याखाली बसली. सकाळी पाहिलं तर सातही गणपतींच्या खांद्यावर काळीकुट्ट उपरणी. डबाच काळ्याचा होता. "बाय, निलाच व्हता गो तो, माज्या लेकराची शपत!" म्हणून शेवंताने कपाळाला हात लावला. मी लेकराची शपथ बाजूला ठेवली आणि तिला पांढऱ्याचा हात मारायला बसवलं.

हा किस्सा भावोजींना हसतील म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. कपातला चहा गार होईपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे दिव्याखाली निळा आनि काळा एकच."

"एकच."

"आनिक कुठले कुठले रंग काळे होतात?"

मी म्हटलं, ते तुम्हाला माहीत, दिवे तुमचे. तर म्हणाले, "दिवा खोटं बोलतो येवढं म्हाईत हाय. किती, ते नाय म्हाईत." मग त्यांनी माझ्याकडे रंग मागितले. प्रत्येक रंगाचा एक हात मारलेली शाडूची चकती. अशा चकत्या आम्ही रंग बघायला करतोच. मी दहा चकत्या एका जुन्या हिरव्या ब्लाउजपिसात बांधून दिल्या. आठवड्याने ते कापड धुऊन, घडी करून परत आलं आणि सोबत वही आली. एका बाजूला "दिवसा", दुसऱ्या बाजूला "दिव्याखाली". आकाशी, राख. गुलाबी, विटकरी. पांढरा, पिवळा. पिवळा, पांढरा. जांभळा, काळा. मग आणखी दहा चकत्या त्याच कापडात, मग आणखी दहा. मला वाटलं, माणूस निवृत्त आहे, एकटा आहे, वेळ जातोय. वही चांगली होती. मी तिची नक्कल करून कारखान्यात भिंतीला लावली.

मग एका मंगळवारी त्यांचा फोन आला. "वयनी, दिवा काढायला गुरवारी येतायत. आता नाय ऐकनार कोनी. गल्लीनं अर्ज दिलाय."

"बरं झालं. पोरं घाबरतात."

"माजा हिरवा राह्यलाय."

"कसला हिरवा?"

"हिरवा रंग. तेवढाच बघायचा ऱ्हायला. दिवा गेला की मग कशात बघनार?"

त्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे कधी काही निकडीचं मागितलं नव्हतं. आवाज असा होता की मी बुधवारी कारखाना शेवंताच्या गळ्यात घातला, हिरव्याच्या तीन छटांच्या चकत्या नेहमीच्या कापडात बांधल्या आणि दुपारची गाडी पकडली.

सूर्य बुडायच्या बेताला आम्ही दोघं गल्लीच्या टोकाला गेलो. नदीकडून ओलसर वारा येत होता. वाटेतले पांढरे दिवे एका क्षणात लागले, जणू कुणी पत्त्यांचा डाव उघडा टाकावा. भावोजींचा दिवा मात्र त्याच्या त्याच्या पद्धतीने निघाला. आधी काचेत एक निळसर ठिणगी, मग जांभळट गुलाबी, मग जखमेवरच्या हळदीसारखा पिवळा. तोपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला ना दिवस होता ना रात्र. खांब गुणगुणत होता. खाला त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दिवा पूर्ण पेटला आणि मी भावोजींकडे बघितलं तर माणसाचा चेहरा मातीच्या मूर्तीसारखा, रंग लागायच्या आधीचा. माझाही तसाच असणार.

"तीस चकत्या झाल्या. हिरवा पहिल्याच दिवशी का नाही बघितलात?" मी विचारलं.

"धीर व्हत नव्हता. ह्ये कापडबी घरीच ठेवून यायचो."

मी कापडाची गाठ सोडली, चकत्या खांबाखालच्या कट्ट्यावर मांडल्या. ते चकत्यांकडे बघेचनात. माझ्या हातातल्या कापडाकडे बघत राहिले. त्या उजेडात ते काळं दिसत होतं, चांगलं दाट काळं, आणि काठाची बारीक जर मळलेल्या दोऱ्यासारखी.

"हीच," ते म्हणाले.

"हीच काय?"

"हिला नेली तवा अंगावर हीच साडी व्हती. काळी."

मग ते बोलत गेले, खांबाला हात टेकून, माझ्याकडे न बघता. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला पाहिलं ते काळ्या साडीत. सवाष्ण बाई, आणि काळ्या साडीत गेली. कपाळावरचं कुंकूसुद्धा काळं. पुढे पाऊस, लाकडं, घाई, आणि पुन्हा काही दिसलं नाही. सहा वर्षं.

"आणि तुम्ही मला कधी विचारलं नाहीत?"

"काय विचारू? तुमी कामाची मानसं. घरात पानी, मानसं खोळंबलेली. हाताला लागली ती नेसवली असंल. त्यात तुमची काय चूक? तुमी नसता तर तेवढंबी कोन करनार व्हतं." मग म्हणाले, "आनि विचारलं असतं, आनि तुमी 'व्हय, काळीच' म्हनाला असता, तर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दिवा गेला.

गेला म्हणजे गेलाच. डोळ्यांपुढे फक्त त्याचा पिवळा डाग. मागे मशिदीत मगरिबची, दिवस बुडाल्यावरची, अजान सुरू झाली. खांब गुणगुणतच होता, दिवा नसतानाही. मी पिशवीतून मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि कापडावर धरला.

हिरवं. पोपटी नाही, मेंदीचं नाही. चुड्याचा हिरवा असतो ना, तो.

"हे तिच्याच साडीचं ब्लाउजपीस," मी म्हटलं. "घरात नवी हिरवी साडी नव्हती. मी गुडघाभर पाण्यातून वरच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला शटर उघडायला लावलं. तो म्हणाला, बाई, हिरव्या दोनच आहेत. मी त्यातली जरीची घेतली. नेसवली, ओटी भरली, मळवट भरला तो लाल कुंकवाचा. पीस तेवढं कापून ठेवलं, नवं कापड टाकायचं कशाला म्हणून. गेले कित्येक महिने तुम्ही ते धुऊन घडी करून मला परत देताय."

भावोजींनी कापड हातात घेतलं. टॉर्चच्या गोल पांढऱ्या उजेडात ते उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, जसे ते बल्ब बघतात. आणि मग वर अंधाऱ्या खांबाकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या दिव्याला एक शिवी दिली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग कट्ट्यावर बसले आणि खूप वेळ कापडात तोंड घालून राहिले. मी टॉर्च विझवला. अशा वेळी माणसावर उजेड धरू नये.

दिवा गार होऊन पुन्हा पेटेपर्यंत आम्ही तसेच होतो. निळसर, जांभळट, पिवळा. समोरच्या भिंतीवर सावल्या उमटू लागल्या तशा मी त्या सवयीने मोजल्या; कारखान्यात मूर्ती मोजायची सवय, नजर आपोआप मोजते. बसलेले भावोजी, उभी मी, आणि माझ्या मागे जरा बाजूला तिसरी. खाला अजून दारात आहेत, असं मी धरून चालले आणि मागे वळून बघितलं नाही. चकत्या गोळा केल्या. भावोजी म्हणाले, "चला, वयनी. पिठलं टाकतो."

गुरुवारी दिवा काढला. भावोजींनी स्वतः शिडी धरली, अर्थिंग नीट करा म्हणून त्या पोरांना दोनदा सुनावलं आणि उतरवलेला बल्ब न फोडता घरी नेऊन पाऱ्याच्या त्या बरणीच्या शेजारी ठेवला. नव्या दिव्याचे गुण तेच लोकांना सांगतात. वीज कमी खातो, पारा नाय, रंग खरा दाखवतो. शेवटचं वाक्य ते जरा जोरात म्हणतात. कापड मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही. चकत्या आता वर्तमानपत्रात बांधते.

पुढे एकदा रोह्याला गेले तेव्हा खाला भेटल्या. म्हणाल्या, "बरा झाला दिवा. आता कोन दिसत नाय." मग त्या संध्याकाळचा विषय निघाला. मी म्हटलं, तुम्ही होतात की दारात शेवटपर्यंत. खाला म्हणाल्या, "मी कुठं? दिवा गेला, अजान झाली, मी दार लावून नमाजला गेली." मी बरं म्हटलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. भावोजींना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. भिंत जुनी आहे, दिवा म्हातारा होता, आणि माझी मोजणी काही दरवेळी बरोबर येते असं नाही.

पण अलीकडे दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. माझे हात रंगाचे असतात, शेवंता फोन माझ्या कानाला धरते.

"आला, वयनी," ते सांगतात.

"लगेच?"

"लगेच. भक्कन. समदं लख्ख दिसतंय." मी शेवंताला फोन ठेवायला सांगत नाही, तेव्हा ते पुढे म्हणतात, "फकस्त, वाट बघायला येळच देत नाय."